क्रिस्टलशिवाय स्थिर क्लॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोकंट्रोलरशेजारी धातूच्या चकचकीत डबीतला क्रिस्टल आणि त्याच्या दोन्ही पायांना एकेक छोटा कपॅसिटर, ही मांडणी इतकी सवयीची झाली आहे की तिच्याविना सर्किट काढायला हात धजावत नाही. प्रत्यक्षात आज कितीतरी उपकरणांत क्रिस्टल नसतोच. तो कधी काढता येतो, कधी काढू नये आणि काढल्यावर अचूक वेळ आणायची कुठून, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

क्रिस्टल नेमकं कोणतं काम करतो?

क्वार्ट्झवर दाब दिला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो, हे पिएर आणि जॅक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटंही घडतं: व्होल्टेज दिलं की क्वार्ट्झचा आकार किंचित बदलतो. त्यामुळे क्वार्ट्झची पातळ चकती सर्किटमध्ये जोडली की ती स्वतःच्या यांत्रिक वारंवारतेने कंप पावते आणि सर्किटला तोच ताल पाळायला लावते.

खरं महत्त्व आहे ते त्या कंपनाच्या गुणवत्तेला, म्हणजे क्यू या आकड्याला. प्रत्येक कंपनात किती कमी ऊर्जा वाया जाते हे तो सांगतो. क्वार्ट्झचा क्यू दहा हजारांपासून काही लाखांपर्यंत असतो. चिपवर कोरलेल्या कॉइलचा क्यू साधारण दहाच्या घरात असतो, आणि रेझिस्टर-कपॅसिटरच्या (आरसी) जोडीत अनुनाद असा नसतोच. क्यू मोठा असला की अॅम्प्लिफायरचा विलंब, व्होल्टेजची चढउतार, तापलेला ट्रान्झिस्टर या सगळ्यांचा वारंवारतेवर फार थोडा परिणाम होतो. क्रिस्टल काढला की हे संरक्षण जातं. मग ते दुसऱ्या एखाद्या अनुनादी वस्तूकडून मिळवायचं, किंवा चूक मोजून ती सतत दुरुस्त करत राहायचं, हे दोनच मार्ग उरतात. पुढची सगळी उत्तरं या दोन मार्गांचीच आहेत.

टक्के आणि पीपीएम यांचा हिशेब कसा करायचा?

एक पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणून १ पीपीएमची चूक दिवसाला ०.०८६४ सेकंद होते. २० पीपीएमचा साधा क्रिस्टल दिवसाला सुमारे १.७ सेकंद चुकू शकतो. एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, अर्थात दिवसाला १४ मिनिटं २४ सेकंद. भिंतीवरच्या घड्याळाला ही चूक कदापि चालणार नाही. दिव्याची उघडझाप करणाऱ्या सर्किटमध्ये ती कुणाच्या लक्षातही येणार नाही.

म्हणून 'हा ऑसिलेटर (ताल निर्माण करणारं सर्किट) स्थिर आहे का?' हा प्रश्न अर्धवट आहे. किती चूक, किती वेळात, कोणत्या तापमानात आणि कोणाच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

मला किती अचूकता लागते हे कसं ठरवू?

तुमचं उपकरण कोणाशी बोलतं ते आधी पाहा. एसपीआय आणि आय-स्क्वेअर-सी या बसमध्ये, म्हणजे चिपना जोडणाऱ्या तारांच्या व्यवस्थेत, क्लॉकची (ताल देणाऱ्या सिग्नलची) तार डेटासोबतच जाते, त्यामुळे मास्टरचा वेग पाच टक्के इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. जिथे क्लॉकची तार नसते आणि दोन्ही टोकांनी आपापल्या घड्याळावर विसंबायचं असतं, तिथे आकडे कडक होतात.

गाड्यांमधल्या लिन बसची रचनाच स्वस्त नोडसाठी केलेली आहे. त्यात गुलाम नोड सुरुवातीला १४ टक्क्यांपर्यंत चुकलेला असला तरी चालतो, कारण प्रत्येक संदेशाच्या आरंभी मास्टर हेक्स ५५ हा ठरावीक बाइट पाठवतो आणि नोड त्यावरून आपला वेग दुरुस्त करून घेतो. मूळ कॅन बसमध्ये मर्यादा जास्तीत जास्त १.५८ टक्के आहे, तीही सेकंदाला १२५ किलोबिटपर्यंतच्या वेगासाठी. वेग वाढला की क्रिस्टल लावणंच शहाणपणाचं. यूएसबीत लो स्पीडला १.५ टक्के, फुल स्पीडला ०.२५ टक्के आणि हाय स्पीडला ०.०५ टक्के सूट आहे. इथरनेटला १०० पीपीएम. ब्लूटूथ लो एनर्जीत रेडिओ चालू असताना ५० पीपीएम, झोपेत मात्र ५०० पीपीएम.

ही यादी एकदा समोर ठेवली की निम्म्या प्रकल्पांत वाद संपतो. तापमान मोजून दर मिनिटाला एसपीआयवरून आकडा पाठवणाऱ्या सेन्सरला क्रिस्टल कशासाठी हवा, याचं उत्तर बहुतेक वेळा 'आधीच्या बोर्डावर होता म्हणून' एवढंच असतं.

सिरियल पोर्टसाठी क्रिस्टल लागतोच ना?

नाही. पण इथे गणित नीट करायला हवं, कारण आतल्या ऑसिलेटरवर भरवसा ठेवणारे सगळ्यात जास्त याच ठिकाणी अडकतात.

यूएआरटीमध्ये, म्हणजे सिरियल पोर्ट चालवणाऱ्या भागात, रिसीव्हर स्टार्ट बिटच्या उतरत्या कडेला आपलं घड्याळ जुळवतो आणि त्यानंतर प्रत्येक बिटच्या मध्यावर नमुना घेतो. नेहमीच्या दहा बिटच्या फ्रेममध्ये शेवटचा नमुना, म्हणजे स्टॉप बिटचा मध्य, ९.५ बिटनंतर येतो. तोवर अर्ध्या बिटपेक्षा जास्त सरकलो तर चुकीचा बिट वाचला जातो. ०.५ भागिले ९.५ म्हणजे सुमारे ५.३ टक्के. स्टार्ट बिटची कड पकडताना रिसीव्हर एक षोडशांश बिटपर्यंत चुकतो, तारेवरच्या कडा तिरप्या असतात; हे वजा केलं की दोन्ही टोकांमध्ये मिळून चार टक्के उरतात. प्रत्येकाच्या वाट्याला दोन.

आता यात भागाकाराची चूक मिसळते. ८ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्ये ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट) काढायला जो भाजक मिळतो त्यात चूक फक्त ०.२ टक्के आहे. त्याच क्लॉकवर १,१५,२०० बॉड मागितलं तर जवळात जवळचा भाजक १,११,१११ देतो, म्हणजे साडेतीन टक्के कमी. ऑसिलेटर अगदी अचूक असला तरी बहुतेक सगळी सूट इथेच संपली. पुष्कळदा 'आतला ऑसिलेटर खराब आहे' असा निष्कर्ष काढला जातो तेव्हा दोष बॉड रेटच्या निवडीचा असतो. ९६०० किंवा ३८,४०० वर उतरा, नाहीतर ऑसिलेटर मुद्दाम ७.३७२८ मेगाहर्ट्झकडे ओढून घ्या; ती वारंवारता १,१५,२०० ने बरोबर ६४ वेळा भागली जाते.

चिपच्या आतला आरसी ऑसिलेटर भरकटतो कशामुळे?

त्यात एक कपॅसिटर रेझिस्टरमधून भारित होतो, ठरावीक व्होल्टेजला पोहोचला की कंपॅरेटर त्याला रिकामा करतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. वेळ ठरते ती रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकारावर. सिलिकॉनच्या वेफरवर हे दोन्ही भाग बनवताना त्यांची मूल्यं प्रत्येक तुकडीत बरीच वरखाली होतात, म्हणून कारखान्यात प्रत्येक चिप मोजून तिचा दुरुस्ती-आकडा आतच साठवतात. एटीमेगा३२८पीसाठी कारखान्याची हमी ३ व्होल्ट आणि २५ अंश सेल्सिअसला १० टक्के इतकी सैल आहे; नव्या पिढीच्या अनेक चिपमध्ये खोलीच्या तापमानाला ती १ टक्क्याच्या आसपास असते.

त्यानंतर तापमान. पॉलिसिलिकॉनचे काही रेझिस्टर तापल्यावर वाढतात, काही कमी होतात. डिझाइनर दोन्ही प्रकार एकापुढे एक जोडून एकाचा कल दुसऱ्याने मारून टाकतात. पहिल्या क्रमाचा उतार जातो, वक्रता राहते. पुरवठ्याचं व्होल्टेज बदललं की कंपॅरेटरचा विलंब बदलतो. आणि एक कारण अनेकांच्या ध्यानातच येत नाही: सोल्डरिंगच्या भट्टीतून गेल्यावर प्लॅस्टिकचं आवरण आवळतं, सिलिकॉनवर ताण येतो आणि वारंवारता किंचित सरकते. अर्धा टक्का जरी महत्त्वाचा असेल तर कॅलिब्रेशन सुटी चिप असताना न करता बोर्डावर बसवल्यानंतरच करावं.

५५५ वापरून मायक्रोकंट्रोलरला क्लॉक देता येईल का?

देता येईल, पण देऊ नका. हान्स कामेंझिंड यांनी १९७१ मध्ये आखलेली ही टायमर चिप सेकंदाच्या आणि मिलिसेकंदाच्या कामांसाठी आजही उत्तम आहे. मात्र तिची अचूकता सर्वस्वी बाहेरच्या भागांवर असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची मुळातली सूटच २० टक्के. एक्स७आर सिरॅमिक तापमानाच्या पूर्ण पट्ट्यात १५ टक्क्यांपर्यंत बदलतो. एनपी० प्रकारचा कपॅसिटर, जो अंशाला ३० पीपीएमच्या आत राहतो, आणि एक टक्क्याचा मेटल फिल्म रेझिस्टर घेतला तर चित्र बरंच सुधारतं. तेवढा खटाटोप करून मिळणारं क्लॉक मात्र मायक्रोकंट्रोलरच्या आत फुकट मिळणाऱ्या क्लॉकपेक्षा सरस नसतं.

आतला ऑसिलेटर स्वतः कॅलिब्रेट कसा करायचा?

कोणत्याही कॅलिब्रेशनला एक भरवशाचा संदर्भ, एक मोजपट्टी आणि एक फिरवता येणारं बटण लागतं. एव्हीआर कुटुंबात (एटीमेगा३२८पी त्यातलाच) ते बटण म्हणजे ओएससीकॅल रजिस्टर. संदर्भ म्हणून सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे संगणकाकडून येणारा सिरियल डेटा.

संगणकावरून ९६०० बॉडने मोठ्या लिपीतलं इंग्रजी 'यू' अक्षर पाठवत राहा. त्याचा आस्की संकेत हेक्स ५५ आहे, म्हणजे बिट आलटूनपालटून शून्य आणि एक. एका बाइटमध्ये पाच उतरत्या कडा येतात आणि पहिल्या ते पाचव्या कडेचं अंतर बरोबर ८ बिट, म्हणजे ८३३.३ मायक्रोसेकंद असतं. ८ मेगाहर्ट्झवर टायमरमध्ये ६,६६७ टिकटिक जमायला हव्यात. जास्त जमल्या तर ऑसिलेटर वेगवान आहे, कमी जमल्या तर मंद. एका टिकटिकीचा फरक म्हणजे सुमारे १५० पीपीएम, आणि रजिस्टरची एक पायरी त्याहून कितीतरी मोठी असते. त्यामुळे मोजमाप इथे अडथळा ठरत नाही.

तीन गोष्टी सांभाळा. एटीमेगा३२८पीमध्ये ओएससीकॅलचे दोन पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत: १२७ वरून १२८ वर गेलं की वारंवारता वाढण्याऐवजी कमी होते, म्हणून सरळ द्विभाजनाने शोध घेणारा प्रोग्रॅम तिथे फसतो. दुसरं, ईईप्रॉम किंवा फ्लॅशमध्ये लिहिण्याचा कालावधी हाच ऑसिलेटर मोजतो. लिहायचं असेल तर तो ८.८ मेगाहर्ट्झच्या वर नेऊ नये. तिसरी गोष्ट संदर्भाची. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरच्या काही चिप स्वतःच बिनक्रिस्टलच्या असतात. आपल्याहून जास्त अचूक नसलेल्याला संदर्भ मानून केलेलं कॅलिब्रेशन निरर्थक, म्हणून कन्व्हर्टर आधी तपासून घ्या.

नीट केलेल्या कॅलिब्रेशननंतर त्याच व्होल्टेज-तापमानाला १ टक्का सहज मिळतो. थंडीत आणि उन्हातही तो टिकवायचा असेल तर दोनतीन तापमानांना आकडे काढा, ईईप्रॉममध्ये ठेवा आणि चिपच्या आतल्या तापमान सेन्सरकडे बघून मधली किंमत वापरा.

यूएसबीला ०.२५ टक्के लागतात, तरी बिनक्रिस्टलची यूएसबी उपकरणं कशी चालतात?

या क्षेत्रातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी युक्ती हीच. फुल स्पीड यूएसबीत होस्ट (संगणकासारखं मुख्य उपकरण) दर मिलिसेकंदाला 'स्टार्ट ऑफ फ्रेम' नावाचं छोटं पॅकेट पाठवतो, आणि त्या मिलिसेकंदात जास्तीत जास्त अर्ध्या मायक्रोसेकंदाची चूक चालते, म्हणजे ५०० पीपीएम. अर्थात एक चांगलं घड्याळ केबलमधून आपणहून येत असतं. ४८ मेगाहर्ट्झचा आतला ऑसिलेटर दोन पॅकेटांमध्ये ४८,००० वेळा धडकला पाहिजे. चिपमधला काउंटर मोजतो, फरक दिसला की ट्रिमचा (बारीक दुरुस्तीचा) आकडा एका पायरीने सरकवतो, आणि हे दर मिलिसेकंदाला चालू राहतं. एका टिकटिकीचा फरक साधारण २१ पीपीएम असल्याने मोजमाप भरपूर बारीक असतं. एसटीएम३२एफ०४२मध्ये हे काम करणाऱ्या भागाला क्लॉक रिकव्हरी सिस्टीम म्हणतात आणि त्यातली ट्रिमची पायरी सुमारे ०.१४ टक्के आहे. सॅमडी२१मध्ये ४८ मेगाहर्ट्झचं डिजिटल लूप हेच करतं.

लो स्पीडमध्ये पूर्ण पॅकेट येत नाही, पण दर मिलिसेकंदाला जिवंतपणाची एक छोटी खूण येते. तेवढ्यावर एटीटायनी८५सारखी आठ पायांची चिप, जिच्यात यूएसबीचं हार्डवेअरच नाही, निव्वळ सॉफ्टवेअरने यूएसबी बोलते: रीसेट झाल्यावर फ्रेमची लांबी मोजते आणि ओएससीकॅल हलवून १६.५ मेगाहर्ट्झवर स्थिरावते.

मर्यादाही माहीत असू द्या. केबल काढली किंवा होस्ट झोपला की पॅकेटं थांबतात आणि ऑसिलेटर पुन्हा स्वतःच्या स्वभावावर जातो. यूएसबीवर असताना जुळलेला सिरियल पोर्ट बॅटरीवर गेल्यावर चुका करायला लागला तर कारण इथे शोधा. तसंच, तुमचं उपकरण स्वतः होस्ट असेल तर ही उधारी मिळत नाही. संदर्भ द्यायची जबाबदारी तुमचीच.

सिरॅमिक रेझोनेटर म्हणजे स्वस्तातला क्रिस्टलच का?

तत्त्व तेच, पदार्थ वेगळा. लेड झिर्कोनेट टायटॅनेट हा सिरॅमिक पदार्थही पिएझोविद्युत (दाबाने विद्युतभार देणारा) आहे, पण त्याचा क्यू क्वार्ट्झपेक्षा बराच कमी. साधारण ०.५ टक्का सुरुवातीची सूट, त्यात तापमान आणि वयोमान यांची थोडी भर. बदल्यात तो लवकर सुरू होतो, धक्क्याने सहसा तुटत नाही आणि तीन पायांच्या प्रकारात लोड कपॅसिटर आतच असतात. आर्डुइनो ऊनोच्या तिसऱ्या आवृत्तीत मुख्य एटीमेगा३२८पीला सिरॅमिक रेझोनेटर आहे आणि यूएसबी सांभाळणाऱ्या दुसऱ्या चिपला क्रिस्टल. ऊनोवर मिलिसेकंद मोजून बनवलेलं घड्याळ रोज कित्येक सेकंद किंवा मिनिटं का चुकतं, याचं कारण हेच.

मेम्स ऑसिलेटर किती भरवशाचे?

मेम्स म्हणजे सूक्ष्म विद्युत-यांत्रिक रचना. आज क्वार्ट्झला समोरासमोर टक्कर देणारा पर्याय हाच आहे. सिलिकॉनमध्ये कोरलेली सूक्ष्म तुळई किंवा चौकट विद्युतक्षेत्राच्या ओढीने कंपित करायची, ही कल्पना जुनी आहे. हार्वे नॅथनसन आणि सहकाऱ्यांनी कंप पावणाऱ्या गेटचा ट्रान्झिस्टर १९६० च्या दशकातच वेस्टिंगहाउसमध्ये बनवला होता. व्यापारी ऑसिलेटर यायला मात्र २००० चं दशक उजाडलं, कारण इतक्या लहान वस्तूवर पाण्याच्या वाफेचा थर बसला तरी तिचं वजन आणि त्याबरोबर वारंवारता बदलते. सिलिकॉनच्याच आत निर्वात पोकळी बंद करायचं तंत्र जमल्यावर गाडी पुढे सरकली.

सिलिकॉन तापल्यावर मऊ होतं. दुरुस्ती न करता सोडलं तर वारंवारता अंशाला सुमारे ३० पीपीएमने उतरते, म्हणजे १२५ अंशांच्या पट्ट्यात जवळपास ३,७५० पीपीएम. त्यामुळे प्रत्येक मेम्स ऑसिलेटरमध्ये रेझोनेटरला चिकटून तापमान सेन्सर असतो आणि अपूर्णांकी भाजकाचं फेज लॉक्ड लूप (एक वारंवारता दुसरीशी बांधून ठेवणारं सर्किट) ती चूक सतत पुसत असतं. परिणामी काही पीपीएमपर्यंतची स्थिरता मिळते, हवी ती वारंवारता कारखान्यातच प्रोग्रॅम करून घेता येते आणि कंपन करणाऱ्या भागाचं वजन नगण्य असल्याने प्रचंड धक्के सोसले जातात. आदळआपट होणाऱ्या उपकरणात मी विचार न करता मेम्स निवडेन. वीजवापर आणि किंमत मात्र डेटाशीटमध्ये नीट वाचून घ्या. लूप चालवायला ऊर्जा लागतेच.

एक दुबळी बाजू आहे: हेलियम. या वायूचे अणू इतके लहान की ते सिलिकॉन डायऑक्साइडमधूनही झिरपतात आणि निर्वात पोकळी बिघडवतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका रुग्णालयात एमआरआय यंत्र बसवताना द्रवरूप हेलियमची वाफ इमारतीत पसरली आणि तिथले बरेच आयफोन बंद पडले. संशय त्यांच्यातल्या मेम्स क्लॉकवर आला. काही दिवस मोकळ्या हवेत राहिल्यावर बहुतेक फोन पुन्हा सुरू झाले. हेलियम असलेल्या प्रयोगशाळेसाठी उपकरण बनवत असाल तर निर्मात्याकडून याची लेखी माहिती घ्या.

एलसी आणि बीएडब्ल्यू हे कुठे बसतात?

कॉइल आणि कपॅसिटरचा (एलसी) ऑसिलेटर रेडिओच्या सुरुवातीपासून आहे. चिपवरच्या छोट्या कॉइलला चांगला अनुनाद फक्त गिगाहर्ट्झच्या आसपास मिळतो, म्हणून तिथे दोलन करून मग भागाकाराने खाली उतरतात. एक गैरसमज दूर करायला हवा: भागाकाराने जिटर (क्लॉकच्या कडांची पुढेमागे थरथर) सापेक्षतेने घटतो, पीपीएममधली चूक तशीच राहते. ३ गिगाहर्ट्झला १०० पीपीएम चुकणारा ऑसिलेटर २४ मेगाहर्ट्झला उतरवला तरी १०० पीपीएमच चुकतो.

बीएडब्ल्यू (बल्क अकूस्टिक वेव्ह) रेझोनेटरमध्ये अॅल्युमिनियम नायट्राइडसारख्या पिएझोविद्युत पदार्थाचा अतिपातळ थर जाडीच्या दिशेने कंप पावतो. मोबाइल फोनच्या रेडिओ फिल्टरमध्ये तो आधीपासून होताच. २०१९ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने तो क्लॉकसाठी वापरून बाहेरच्या क्रिस्टलविना चालणारी वायरलेस मायक्रोकंट्रोलर चिप जाहीर केली. ब्लूटूथसारख्या रेडिओला लागणारी अचूकता पॅकेजच्या आतूनच मिळणं, हा टप्पा मोठा आहे.

रिंग ऑसिलेटरचं काय?

विषम संख्येचे इन्व्हर्टर (शून्याचा एक आणि एकाचा शून्य करणारे गेट) वर्तुळात जोडायचे, बस्स. व्होल्टेज आणि तापमान बदललं की तो इतका हलतो की क्लॉक म्हणून एकटा निरुपयोगी, पण क्षणात सुरू होतो. रास्पबेरी पाय पिकोवरची आरपी२०४० चिप याच्यावरच जागी होते आणि मग १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलकडे वळते.

विजेच्या ५० हर्ट्झवर घड्याळ चालवता येतं का?

दीर्घकाळासाठी फार चांगलं. हेन्री वॉरन यांनी १९१६ च्या सुमारास सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या चक्रांवर चालणारी, घड्याळं आणली तेव्हापासून वीजकंपन्या चक्रांची एकूण संख्या घड्याळाशी जुळवून घेऊ लागल्या. क्षणाक्षणाला वारंवारता थोडी हलते, पण जिथे ही दुरुस्ती केली जाते तिथे महिनोन्‌महिन्यांच्या हिशेबात साधा क्रिस्टलही मागे पडतो.

दुरुस्ती थांबली की काय होतं ते २०१८ मध्ये युरोपाने पाहिलं. सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यातल्या वादामुळे ग्रिडमध्ये ऊर्जेची तूट राहिली, जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सरासरी ४९.९९६ हर्ट्झवर आली आणि ओव्हन, रेडिओ यांतली विजेवर मोजणारी घड्याळं सुमारे सहा मिनिटं मागे पडली. पुढे ग्रिड किंचित वेगाने चालवून ती भरपाई केली गेली.

सर्किट करताना ट्रान्सफॉर्मर किंवा ऑप्टोकपलरने विलगीकरण केल्याशिवाय मेन्सला हात लावू नका. मोटर चालूबंद होताना येणारे खोटे पल्स गाळण्यासाठी एक फिल्टर हवा, आणि सॉफ्टवेअरमध्ये १५ मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा पल्स दुर्लक्षित करा. वीज गेल्यावर आतल्या आरसीवर वेळ पुढे न्या. तासाभरात अर्धा मिनिट चुकेल, दिवस भलताच होणार नाही.

रेडिओ किंवा उपग्रहावरून वेळ घेतली तर क्रिस्टल टळतो?

तुमच्या बोर्डावरचा टळू शकतो. जर्मनीतलं डीसीएफ७७ हे केंद्र ७७.५ किलोहर्ट्झवर, अमेरिकेतलं डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी ६० किलोहर्ट्झवर वेळ प्रसारित करतं. जीपीएस रिसीव्हर सेकंदाला एक पल्स देतो, ज्याची चूक सहसा काही दशक नॅनोसेकंदांची असते. या पल्सने आतला आरसी सतत दुरुस्त करता येतो. मात्र जीपीएस मॉड्यूलच्या आत तापमान-भरपाई असलेला क्रिस्टल असतोच. अणुघड्याळांचंही तसंच: सीझियमची ९,१९,२६,३१,७७० हर्ट्झची वारंवारता सेकंदाची व्याख्या देते, पण व्यवहारातल्या बहुतेक अणुघड्याळांत बाहेर मिळणारा सिग्नल अणूंनी ताळ्यावर ठेवलेल्या क्वार्ट्झ ऑसिलेटरचाच असतो.

क्वार्ट्झच्या आधी इलेक्ट्रॉनिक मनगटी घड्याळ होतं का?

होतं. १९६० मध्ये बुलोव्हाने बाजारात आणलेल्या ॲक्युट्रॉनमध्ये मॅक्स हेट्झेल यांनी धातूचा छोटा ट्यूनिंग फोर्क बसवला होता. एका ट्रान्झिस्टरच्या सर्किटने तो सेकंदाला ३६० वेळा कंप पावत असे आणि महिन्याला एका मिनिटाच्या आत राहण्याची हमी होती. हे सुमारे २३ पीपीएम झालं. आजच्या साध्या क्रिस्टलच्या तोडीचं. तापमानाने लवचिकता न बदलणाऱ्या मिश्रधातूंवर शार्ल एदुआर्द गियोम यांनी काम केलं होतं, त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. धातूच्या रेझोनेटरना अचूकता आली ती अशा मिश्रधातूंमुळे. १९६९ मध्ये सेकोचं क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन आलं आणि धातूच्या फोर्कची जागा क्वार्ट्झच्या फोर्कने घेतली. हल्लीच्या घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टलही फोर्कच्याच आकाराचा असतो.

सरासरी वारंवारता बरोबर आहे, मग एडीसीचे आकडे का थरथरतात?

जिटरमुळे. एडीसी ठरावीक क्षणी सिग्नलचा नमुना घेऊन त्याचा आकडा करतो. सरासरी अचूक असूनही प्रत्येक कड थोडी पुढेमागे येत असेल तर नमुना चुकीच्या क्षणी घेतला जातो, आणि सिग्नल जितका वेगवान तितकी चूक मोठी. १० मेगाहर्ट्झचा सिग्नल १०० पिकोसेकंद जिटरच्या क्लॉकने घेतला तर सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर ४४ डेसिबलपुढे जात नाही. म्हणजे जेमतेम सात बिट. तुमचा एडीसी १६ बिटचा असला तरी. कॅलिब्रेशन याला औषध नाही, क्यू मोठा असलेला रेझोनेटरच हवा. संथ बदलणाऱ्या तापमानासाठी किंवा बॅटरीच्या व्होल्टेजसाठी ही काळजी अनाठायी आहे.

बॅटरीवरच्या उपकरणात क्रिस्टल काढल्याचा फायदा होतो?

अनेकदा बराच. आरसी ऑसिलेटर काही मायक्रोसेकंदांत तयार असतो. मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मिलिसेकंद घेतो आणि घड्याळाचा क्रिस्टल स्थिरावायला कित्येक शे मिलिसेकंद. एका मिलिसेकंदाच्या कामासाठी दर वेळी तितकाच वेळ क्लॉकची वाट पाहायची तर निम्मी ऊर्जा वाट पाहण्यातच जाते.

झोपेतल्या क्लॉकची चूक मात्र दुसऱ्या बाजूने वसूल होते. ब्लूटूथचा नोड एक सेकंद झोपला आणि त्याचं घड्याळ ५०० पीपीएम चुकणारं असलं तर त्याला ५०० मायक्रोसेकंद आधी उठून रिसीव्हर चालू ठेवावा लागतो. झोप जितकी लांब तितकी ही किंमत चढत जाते, त्यामुळे दर काही सेकंदांनी रेडिओच्या क्रिस्टलशी ताडून आतला आरसी सुधारणं हा मधला मार्ग बऱ्याच चिप वापरतात.

क्रिस्टल नसताना चुकून बाहेरच्या क्रिस्टलचा फ्यूज निवडला, चिप गेली का?

गेली नाही, क्लॉकची वाट बघत थांबली आहे. फ्यूज म्हणजे इथे चिपमध्ये साठवलेली सेटिंग, ती बदलता येते. एव्हीआर असेल तर क्रिस्टलच्या पहिल्या पायावर दुसऱ्या कुठल्याही मायक्रोकंट्रोलरकडून १ मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल द्या, प्रोग्रॅमर मंद वेगावर जोडा आणि फ्यूज परत आतल्या ऑसिलेटरवर न्या. नव्या एटीमेगा३२८पीमध्ये ८ चा भाजकही चालू असतो, त्यामुळे चिप १ मेगाहर्ट्झवर धावते आणि सगळे विलंब आठपट लांबतात. ही आरसीची चूक समजू नका.

माझं बिनक्रिस्टलचं क्लॉक पुरेसं आहे हे तपासायचं कसं?

क्लॉक एखाद्या पायावर बाहेर काढा आणि तिथे मोजा. ऑसिलेटरच्या स्वतःच्या पायाला प्रोब लावला तर प्रोबचं कपॅसिटन्सच वारंवारता सरकवतं. फ्रीक्वेन्सी काउंटर नसेल तर टायमरने दहा मिनिटं मोजून जीपीएसच्या पल्सशी ताडा, पीपीएमपर्यंतचा आकडा घरच्या साधनांनी मिळतो. मोजणी एकाच स्थितीत करून थांबू नका: भरलेली बॅटरी आणि संपत आलेली बॅटरी, फ्रीजमधली थंडी आणि उपकरण प्रत्यक्षात जितकं तापेल तितकी उष्णता, या चारही जोड्या घ्या. एकाच चिपवर निष्कर्ष काढू नका, वेगवेगळ्या तुकड्यांतल्या काही चिप तपासा. सगळ्यात वाईट आकडा प्रोटोकॉलने दिलेल्या सुटीच्या निम्म्याच्या आत असेल तर क्रिस्टल काढायला हरकत नाही, कारण दुसऱ्या टोकाच्या उपकरणालाही उरलेली निम्मी सूट लागणार आहे.